चार चादरींचे भाषण

लाँड्रीच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. खोलीला दोन खिडक्या. एकीतून संध्याकाळचे ऊन आत येते, दुसरीतून शेजारच्या बेकरीचा वास. मधल्या तारांवर पांढऱ्या चादरी एकीमागे एक वाळत असतात, आणि वारा शिरला की सगळ्या एकदम पोट फुगवून उभ्या राहतात. या खोलीत रोज साडेपाच ते सात माणसे बोलायला शिकतात. बोलता तसे सगळ्यांनाच येते. पण घड्याळ लावून, अनोळखी माणसासमोर, तेही इंग्रजीत बोलायचे म्हटले की भल्याभल्यांची दातखीळ बसते. ती सोडवायचे काम या खोलीत चालते.

शिकवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली लाँड्रीवाल्या काकू म्हणते. काकूंचे वय अठ्ठावन्न, आवाज त्याहून पुष्कळ तरुण. शाळा आठवीत सुटली. इंग्रजी त्या शिकल्या ती शर्टांच्या कॉलरमागे शिवलेल्या चिठ्ठ्यांवरून. गरम पाण्यात घालू नये, पिळू नये, उन्हात टाकू नये. त्यांचे यजमान पुढच्या दुकानात इस्त्री करतात, त्यांना सगळे इस्त्रीवाले काका म्हणतात. काका गिऱ्हाइकांना सांगत, "पहिली दोन वर्षं हिला इंग्रजीत फक्त 'करू नका' एवढंच येत होतं. आपल्या भाषेतही ही तेवढंच बोलते, म्हणून मला फरक कळला नाही."

चिठ्ठ्या संपल्यावर काकूंनी रद्दीतली पुस्तके वाचली, जवळच्या लॉजमध्ये उतरणाऱ्या परक्या पाहुण्यांशी भीड न धरता बोलल्या, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी बोलण्याची एक परीक्षा पास झाल्या. प्रमाणपत्र इस्त्रीच्या टेबलाच्या वर, भिंतीवर टांगले आहे. वाफेने त्याचा कागद पिवळा पडला, पण काकूंच्या नजरेत ते अजून कोरे करकरीत आहे. गिऱ्हाईक कपड्यांबद्दल विचारायला आले तरी त्याला वर बघितल्याशिवाय पावती मिळत नाही.

ही परीक्षा जोडीने द्यायची असते. दोन उमेदवार एकदम आत जातात. आधी नाव, गाव, काम विचारतात, ते कोणीही सांगतो. शेवटी दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीवर चर्चा करायची, तेही एकमेकांच्या आधाराने होऊन जाते. खरी गोम मधल्या भागात. त्याला सादरीकरण म्हणतात. आपण निवडलेल्या विषयावर एकट्याने उभे राहून दोन मिनिटे बोलायचे, हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. मग जोडीदाराने त्यावर दोन प्रश्न विचारायचे आणि बोलणाऱ्याने त्यांची उत्तरे द्यायची. बोलण्याला गुण, उत्तरालाही गुण, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही गुण.

काकूंची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची. लॉजमधून रोज चाळीस मोठ्या चादरी धुवायला येतात. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही, समोर माणूस लागतो. एकदा दोन घाबरट पोरींना काकूंनी चादरीची टोके धरायला लावली आणि त्यांच्या लक्षात आले, की हात कामात गुंतले की जीभ मोकळी सुटते. त्या दिवसापासून वर्गात घड्याळ बंद झाले. चारही टोके धरून चादर ताणायची, एकदा झटकायची, लांबीने दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग एकमेकांकडे चालत जायचे, एकाने टोके दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलून घ्यायची. याला बरोबर अर्धे मिनिट लागते. चार चादरी म्हणजे दोन मिनिटे. पहिल्या चादरीला विषय सांगायचा, दुसरीला काय घडले ते, तिसरीला आपल्याला काय वाटले ते, चौथीला आवरते घ्यायचे.

"घडी बसली की तोंड बंद!" काकू ओरडत. "पाचवी चादर परीक्षक देत नाही."

फी नव्हती. गल्लीतले लोक म्हणत, काकूंच्या चादरींची घडी फुकटात पडते. काकू म्हणत, "फुकट कशी? व्याकरण काय झाडाला लागतं?" आणि या रीतीने आजवर एकतीस माणसे पास झाली होती, त्यामुळे कोणी फार बोलत नसे.

प्रश्नांचे मात्र काकूंनी थोडक्यात उरकले होते. चादरी चाळीस, वेळ दीड तास. तेव्हा त्यांनी सगळ्यांना दोनच प्रश्न पाठ करून दिले होते. हा विषय तुम्ही का निवडला? आणि पुढे तुम्ही काय करणार आहात? कोणत्याही कुलपाला लागाव्यात अशा या दोन किल्ल्या. समोरचा मांजरावर बोलो नाहीतर मंगळावर, दोन किल्ल्या फिरवायच्या आणि खाली बसायचे.

यंदाच्या तुकडीत एक मावशी होती. ती तशी कोणाचीच मावशी नव्हती. मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात ती बावीस वर्षे काम करत होती, आणि तिथे लादी पुसणाऱ्या, भांडी उचलणाऱ्या, पेशंटची चादर बदलणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात. मावशीचे गुडघे गेले होते. जिना चढताना ती प्रत्येक पायरीला मान द्यावा तशी थांबे. दवाखान्यातली चौकशीची खिडकी रिकामी होणार होती. तिथे खुर्ची होती, बसून काम होते. आतल्या माणसाला घेण्याची सोय होती, पण अटी दोन. या परीक्षेचे प्रमाणपत्र हवे आणि वय पन्नासच्या आत. मावशीला पन्नास पुरी व्हायला दोन महिने उरले होते. आधी दोनदा ती बसली होती आणि दोन्ही वेळा सादरीकरणात अडकली होती. ही तिसरी खेप, आणि चौथी नव्हतीच. खिडकी मिळाली नाही तर तेच जिने आणि तीच लादी.

"पहिल्या वेळी किती बोललीस?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले.

"नाव सांगितलं," मावशी म्हणाली.

"आणि दुसऱ्या वेळी?"

"नाव सांगून बसले."

"म्हणजे प्रगती आहे," पुढच्या दुकानातून काका म्हणाले.

मावशीला जोडीदार म्हणून काकूंनी मुद्दाम रेडिओला दिले. रेडिओ हा शाळेची व्हॅन चालवणारा ड्रायव्हर, वय पस्तीसच्या आसपास. त्याला हे नाव व्हॅनमधल्या मुलांनीच दिले होते, कारण त्याला बंद करायचे बटण सापडत नाही. त्याला मोठ्या हॉटेलच्या गाडीवर नोकरी हवी होती. यंदा नाही जमले तर पुढच्या वर्षी, असे तो हसत म्हणे, आणि त्यावरही दहा मिनिटे बोले.

"बोलणाऱ्याचे हुलगेसुद्धा विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," काकू म्हणाल्या. "याला लगाम, हिला टाच. दोघं एका गाडीला जुंपली की चाल येईल."

रेडिओचा विषय पक्का होता, माझा एक प्रवास. रात्रभर धुक्यात घाट उतरतोय, समोरचे काही दिसत नाही, मागचे चाक रस्त्याच्या कडेवरून सुटतेय, मग एका टपरीपाशी थांबून दोन चहा घेतले, मग पुन्हा धुके, मग ब्रेक लागेना, मग उजाडले आणि खाली नदी दिसली. हे त्याने इतक्या वेळा म्हटले होते, की तारेवरच्या चादरींनाही ते पाठ झाले असेल. बोलताना तो मावशीकडे बघतही नसे. टोके तिच्या हातात देताना त्याची नजर छताकडे असे, जणू श्रोते तिकडे बसले आहेत.

मावशीला काकूंनी विषय दिला, वाचनाचे महत्त्व. पुस्तकातून उतरवून दिला. मावशीने तो पाठ केला. पहिली चादर होईपर्यंत ती बोले, दुसरी उचलली की गप्प. चादर हातात, तोंड उघडे, शब्द नाही.

"अगं, पुढे काय? ज्ञान वाढतं म्हण!"

"ज्ञान वाढतं," मावशी म्हणाली आणि पुन्हा गप्प.

पंधरा दिवस पालथ्या घड्यावर पाणी घातल्यावर काकू वैतागल्या. "मावशी, एवढं सोपं आहे, तुझं अडतं कुठे?"

मावशी चादरीची कड बोटांनी सरळ करत म्हणाली, "काकू, मी वाचतच नाही. महत्त्व कुठून आणू?"

"मग करतेस काय?"

"पेशंटला न उठवता त्याच्या खालची चादर बदलते."

"हा काय विषय झाला? तिथे लोक पर्यावरणावर बोलतात!"

"मला तेच येतं," मावशी शांतपणे म्हणाली.

काकांनी इस्त्री टेकवून ठेवली आणि दारातून डोके आत घातले. "अगं, चादर धरून शिकवणारी तू. आता चादरीवर कोणी बोलेन म्हटलं तर तुझ्या पोटात का दुखतं?"

काकूंनी त्यांना इस्त्रीकडे जायला सांगितले. पण दुसऱ्या दिवशी मावशी त्याच विषयावर बोलली आणि चार चादरी झाल्या. इंग्रजी धेडगुजरी होती, क्रियापदे एकमेकांच्या पायात पाय घालत होती, पण ती थांबली नाही. पेशंटला हळूच कुशीवर करायचे, जुनी चादर गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत न्यायची, नवीन अर्धी अंथरायची, मग त्याला त्या उंचवट्यावरून अलीकडे घ्यायचे, जुनी ओढून काढायची, नवीन ताणायची. बोलताना तिचे हात तेच करत होते. रेडिओने पहिल्यांदाच छताऐवजी चादरीकडे पाहिले, तेही त्याचे टोक हिसकले गेले म्हणून.

आता सगळे जमले, असे काकूंना वाटले. परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा काका जेवताना म्हणाले, "परीक्षेत चादरी नेऊ देतात का गं?"

"वेड्यासारखं काय विचारता?"

"नाही, सहज. तुझी माणसं रिकाम्या हाताने बोलताना मी कधी पाहिली नाहीत."

काकूंचा घास तोंडातच राहिला. बाकीची एकतीस माणसे तरुण होती, चादर सुटल्यावरही त्यांची गाडी उतारावर चालत राहिली. मावशीचे तसे होईल का? दुसऱ्या दिवशी काकूंनी दोघांना रिकाम्या हाताने उभे केले. रेडिओला हातात काही असले काय, नसले काय. मावशीने मात्र दोन्ही हात वर उचलले, बोटांच्या चिमटीत हवा धरली आणि दुसऱ्या वाक्याला थांबली. हवेला वजन नव्हते, ओढ नव्हती. समोरून कोणी ताणत नव्हते.

"मनात चादर धर!" काकू म्हणाल्या.

"मनात धरली की खाली पडते," मावशी म्हणाली.

आठ दिवस असेच गेले. काकू वरून म्हणत, जमेल, परीक्षेच्या धाकाने जमेल. पण त्या दिवसांत लॉजच्या दोन उशांचे अभ्रे दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात गेले आणि एका माणसाला पँट म्हणून पडदा मिळाला. असे काकूंच्या हातून तीस वर्षांत झाले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी शिक्षकाने बरोबर यायचे काही कारण नसते. काकू आल्या. इमारतीचा तिसरा मजला, लांब कॉरिडॉर, भिंतीला लावलेली बाके आणि ओळीने बंद दारे. प्रत्येक दाराला वर अरुंद काच. मावशी आणि रेडिओ आत गेले, दार लागले, आणि काकू काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"बाई, इथे उभं राहायचं नाही," शिपाई म्हणाला.

"मी उभी नाही. वाट बघतेय."

"मग बाकावर बसून बघा."

काकू बसल्या. तो वळला की उठल्या. काचेतून आवाज येत नव्हता, पण दिसत सगळे होते. पांढरे कापड अंथरलेले टेबल, त्यावर पाण्याचा ग्लास, पलीकडे चष्मा लावलेल्या परीक्षक बाई. रेडिओ उभा राहून बोलत होता. काकू त्याच्या ओठांवरून ओळखत होत्या, हे धुके, हे चाक, हा चहा, हा ब्रेक, ही नदी. वेळेत संपले. आता मावशीने दोन किल्ल्या फिरवायच्या आणि आपल्या जागी बसायचे.

मावशीने काहीतरी विचारले. छोटासाच प्रश्न होता. आणि रेडिओ गप्प झाला.

काकूंनी डोळे चोळले. रेडिओचे तोंड बंद होते. तो टेबलाकडे बघत होता, परीक्षक बाई त्याच्याकडे, आणि मावशी हात मांडीवर ठेवून वाट पाहत होती, तिला कुठेच जायची घाई नसल्यासारखी. किती वेळ गेला कोण जाणे. काकूंना वाटले, झाले, हिने स्वतःबरोबर यालाही बुडवले. मग रेडिओ सावकाश बोलू लागला. अडखळत, शब्द शोधत, छताकडे न बघता. बोलताना त्याने दोनदा नाक ओढले.

मग मावशीची पाळी आली. ती उठली, नाव सांगितले, एक वाक्य बोलली, दुसरे अर्धे झाले. तिचे हात वर आले, चिमटीत हवा, आणि हात तसेच राहिले. काकूंनी दोन्ही मुठी काचेला टेकवल्या. त्या पुटपुटल्या, "ताण, मावशी, ताण."

तेवढ्यात रेडिओने मान वळवली आणि मावशीच्या हातांकडे पाहिले. उठला, टेबलाजवळ गेला, परीक्षक बाईंना काहीतरी विचारल्यासारखे केले आणि उत्तराची वाट न बघता टेबलावरच्या कापडाची आपल्या बाजूची दोन टोके धरली. मावशीने समोरची दोन धरली. परीक्षक बाईंनी घाईघाईने कागद उचलून छातीशी धरले. ग्लास मात्र टेबलावरच राहिला.

मावशी बोलू लागली. कापड गुंडाळत गुंडाळत तिने ग्लासाच्या पाठीपर्यंत आणले. ग्लासाला दोन्ही हातांनी असे धरले, जणू तो कण्हत असावा, आणि हळूच त्या गुंडाळीवरून अलीकडे घेतला. रेडिओ पलीकडून कापड सोडत गेला. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. मग दोघांनी कापड ताणले, झटकले, दुमडले, एकमेकांकडे चालत आले, आणि शेवटची घडी बसली तेव्हा मावशीचे तोंड बंद झाले. घडी तिने परीक्षक बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"बाई, तुम्ही पुन्हा उभ्या?" शिपाई मागून म्हणाला.

काकू बाकावर बसल्या.

दोघे बाहेर आले तेव्हा काकूंनी दोघांच्या दंडाला धरून त्यांना जिन्यापाशी नेले. "परीक्षकाचं टेबल उघडं केलंत? लाज नाही वाटली? आणि ते आधी काय विचारलंस गं याला? किल्ल्या कुठे गेल्या?"

"विसरले," मावशी म्हणाली.

"मग काय विचारलंस?"

मावशीऐवजी रेडिओच बोलला. "हिने विचारलं, दुसरा चहा कोणासाठी होता."

"कुठला चहा?"

"टपरीवरचा. दोन चहा घेतले असं मी म्हणतो ना. काकू, इतक्या वेळा म्हटलं, कोणी विचारलं नाही. गाडीत मी एकटा नव्हतो. माझा थोरला भाऊ होता. सहा वर्षं झाली, त्या प्रवासापासून आम्ही बोलत नाही."

काकूंनी दोघांचे दंड सोडले. रेडिओ पुढे म्हणाला, "मी आतमध्ये सांगितलं, दुसरा चहा भावासाठी. त्याला साखर चालत नाही. मी तरी घातली होती. हिनेच पुढे विचारलं, चुकून का? मी म्हटलं, नाही." मग तो म्हणाला, "एवढंच आलं. व्याकरण सगळं चुकलं असेल."

जिन्यावरून उतरताना तो पुढे नव्हता. मावशीच्या बरोबरीने, प्रत्येक पायरीला थांबत तो उतरत होता.

निकालाला तीन आठवडे लागणार होते. काकूंनी परीक्षेच्या नियमांचे पुस्तक काढून बोटाने ओळ न ओळ वाचली. कागद नको, मोबाइल नको, खाण्याचे पदार्थ नको, टोपी नको. टेबलावरच्या कापडाबद्दल काही नव्हते.

"पुढच्या वर्षीपासून छापतील," काका म्हणाले.

"तुम्हाला थट्टा सुचते. तिची खिडकी जाईल ना माझ्यामुळे!"

काका इस्त्री फिरवत राहिले. कॉलर झाली, बाही झाली. मग म्हणाले, "तुझ्यामुळे, हे तू आज पहिल्यांदा म्हणालीस." काकूंना ते चांगलेच लागले. त्या मागच्या खोलीत जाऊन ओल्या चादरी पुन्हा पिळत बसल्या.

एकविसाव्या दिवशी मावशी पाकीट घेऊन आली. तिने ते उघडले नव्हते. "तुम्हीच उघडा," ती म्हणाली. काकूंनी हात पुसले, चष्मा चढवला, पाकीट फाडले आणि आधी खालची ओळ वाचली. मग मावशीच्या गळ्यात पडल्या, मग बाजूला झाल्या, मग काकांना हाका मारल्या, मग पुन्हा गळ्यात पडल्या. मावशी उभीच होती, गळ्यात पडणारी बाई पडू नये म्हणून तिला धरून.

आनंद ओसरल्यावर काकूंनी वरच्या ओळी वाचल्या. सादरीकरणाला पास होण्यापुरते गुण, एकही जास्त नाही. चर्चेला बरे. आणि जोडीदाराला प्रश्न विचारण्याला पैकीच्या पैकी. काकूंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. एकतीस माणसांत कोणाला तिथे निम्म्यापेक्षा जास्त मिळाले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या, वाफेने पिवळ्या पडलेल्या कागदावर तिथे किती होते ते त्या कोणाला सांगत नसत.

"हे तू कधी शिकवलंस गं हिला?" काकांनी खांद्यावरून वाकून विचारले.

काकूंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. पण मावशीला स्टुलावर बसवून त्यांनी विचारले, "मावशी, खरं सांग. तो चहा तुला सुचला कसा?"

"सुचायचं काय त्यात?" मावशी गुडघा चोळत म्हणाली. "वॉर्डात माणूस सगळं सांगतो आणि एक गोष्ट गाळतो. पोरं परदेशात आहेत, घर मोठं आहे, सगळं सांगतो. भेटायला कोणी का आलं नाही, ते नाही सांगत. मग त्याला झोप लागत नाही. सकाळी चादर बदलताना मी विचारते. रेडिओचा चहा मी पहिल्या दिवसापासून बघत होते."

"मग वर्गातच का नाही विचारलंस?"

"वर्गात तुमच्या किल्ल्या होत्या," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त बसला.

रेडिओही एका गुणाने का होईना, पास झाला. भावाला त्याने फोन केला की नाही, हे गल्लीत कोणी विचारले नाही. मावशीने विचारले असणार.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मावशी खिडकीत बसली. काकूंनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी, लॉजचा गठ्ठा पोहोचवायचा आहे असे सांगून निघाल्या. लॉज डावीकडे होते, त्या उजवीकडे वळल्या.

दवाखान्याच्या दालनात गर्दी होती. खिडकीपुढे रांग, आणि रांगेच्या तोंडाशी एक म्हातारा गृहस्थ हातात पिशवी घेऊन मावशीला काहीतरी सांगत होता. सांगणे संपत नव्हते. मागचे लोक पाय बदलत होते, उसासे टाकत होते. एक जण म्हणाला, "अहो आजोबा, नंबर विचारा आणि चला." मावशीने त्या माणसाकडे नुसते पाहिले. मग आजोबांना एकच गोष्ट विचारली, आजोबांनी पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढून दिला, मावशीने तो हाताने सरळ करून वाचला आणि बोटाने दुसऱ्या जिन्याकडे दाखवले. आजोबा गेले. मागे परदेशी दिसणारी एक बाई होती, तिच्याशी मावशी इंग्रजीत बोलली. क्रियापद चुकले. काकूंचे ओठ आपोआप दुरुस्तीला हलले, पण ती बाई मान डोलावून बरोबर दिशेने गेली.

बघता बघता काकू रांगेत पुढे सरकल्या होत्या. आपण रांगेत आहोत, हे त्यांना खिडकीची काच समोर आल्यावर कळले.

"बोला," मावशी म्हणाली. मग ओळखीचे हसली. "काकू! कोण आजारी?"

"कोणी नाही."

"मग काय काम?"

काकूंनी तोंड उघडले. सांगायला पुष्कळ होते. खुर्ची बरी आहे का, पायाखाली पाट घे, परदेशी माणसाशी बोलताना क्रियापद सांभाळ, खिडकी मिळाली ती कशी मिळाली ते इथल्या लोकांना सांगितलेस का. मागच्या माणसाने घसा खाकरला. मावशी वाट पाहत होती, हात टेबलावर ठेवून.

"बघायला आले," काकू म्हणाल्या. "एवढंच."

"मग जरा बाजूला उभ्या राहा हं काकू," मावशी मायेने म्हणाली. "मागे लोक आहेत. एक वाजता सुट्टी होते, तेव्हा बोलू."

काकूंना बाजूला उभे राहा असे तीस वर्षांत कोणी म्हटले नव्हते, काकांची तर बिशाद नव्हती. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. काकूंनी पदर सावरला, खांबाला पाठ टेकली, आणि एक वाजेपर्यंत तिथे उभ्या राहून मावशी लोकांना काय काय विचारते ते ऐकत राहिल्या.